नळीतलं एन्झाइम आणि गडचिरोलीतला पेशंट

गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात व्हायवॅक्स मलेरियाच्या पेशंटला १४ दिवस प्रायमाक्विन देतात. त्याच्या शरीरात जी६पीडी हे एन्झाइम कमी असेल, तर याच गोळीने लाल पेशी फुटतात. म्हणून या एन्झाइमवरचे पेपर जरा सांभाळून वाचा.

समजा, मानवी जनुक ई. कोलायमध्ये घालून एन्झाइम बनवलं, शुद्ध केलं, मोजलं. निष्कर्ष काय, तर 'व्हेरिअंट जवळजवळ नॉर्मल'. इथे थांबा आणि दोन गोष्टी विचारा.

एक, नळीत एनएडीपी किती होतं? १९९५ मध्ये नोंदवलेल्या, भारतातल्या आदिवासी समाजांत आढळणाऱ्या 'ओरिसा' व्हेरिअंटचा एनएडीपीसाठीचा केएम पाचपट आहे. एनएडीपी भरपूर ओतलं की नेमका हाच दोष झाकला जातो. पेशीत मात्र ते इतकं मुबलक नसतं.

दोन, एन्झाइम किती जुनं? लाल पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे सुमारे १२० दिवस तिला आधीच्याच साठ्यावर भागवावं लागतं. ताज्या प्रोटीनवरून म्हाताऱ्या पेशीचं काय कळणार?

रिकॉम्बिनंट एन्झाइम बिघाड कुठे आहे ते दाखवतं. गोळी सुरक्षित आहे की नाही, ते पेशंटच्या रक्तातच तपासावं लागतं. तेव्हा आधी मेथड्स वाचा, मग निष्कर्ष.