व्हेरा चास्लाव्स्का : एक रसग्रहण

गायकाच्या मागे त्याच्या ध्वनिमुद्रिका राहतात, चित्रकाराच्या मागे त्याची चित्रे राहतात, नटाच्या मागे निदान आख्यायिका तरी राहतात. जिम्नॅस्टच्या मागे काय राहते? आकड्यांचा एक तक्ता आणि पेटीत जपून ठेवलेली काही पदके. दीड मिनिटाचा तो खेळ. सुरू होतो न होतो तोच संपतो, आणि परीक्षक अपूर्णांकांत त्याचे मोल ठरवून मोकळे होतात. अशा व्यक्तीच्या कारकिर्दीचा विचार एखाद्या गायकाच्या किंवा नर्तकीच्या कारकिर्दीप्रमाणे करता येईल काय? येणार नाही, असे मानणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. जेथे गुण मोजून विजेता ठरतो तेथे स्पर्धा असते, कला नसते. प्रस्तुत लेखकाला हे म्हणणे पटत नाही; आणि ते का पटत नाही हे सांगावयाचे तर चेकोस्लोव्हाकियाच्या व्हेरा चास्लाव्स्काइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

तिच्या पदकांची मोजदाद लवकर आटोपते. १९६०, १९६४ आणि १९६८ या तीन ऑलिंपिकांत मिळून सात सुवर्ण आणि चार रौप्य. सातही सुवर्णपदके तिने एकटीने मिळविलेली. संघाच्या खात्यावरचे त्यांत एकही नाही. वैयक्तिक सुवर्णपदकांचा हा आकडा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत दुसऱ्या कोणत्याही स्त्री-जिम्नॅस्टला गाठता आलेला नव्हता. पण आकडा सांगून संपला की रसिकाचे काम संपत नाही, तेथून ते सुरू होते.

व्हेरा ३ मे १९४२ रोजी प्रागमध्ये जन्मली, आणि या गावाला व्यायामाची एक वेगळीच परंपरा आहे. १८६२ साली मिरोस्लाव्ह तिर्श याने तेथे 'सोकोल' ही व्यायामसंस्था काढली. सोकोल म्हणजे ससाणा. तिर्श हा नुसता तालीमबाज नव्हे; तो कलेचा अभ्यासक होता आणि ग्रीक शिल्पांतली देहाची घडण त्याच्या डोळ्यांपुढे होती. शरीर बळकट हवे ते कशासाठी, तर ते सुंदर व्हावे आणि परक्या सत्तेखालच्या आपल्या लोकांनी ताठ उभे राहावे यासाठी, अशी त्याची धारणा. पुढे नाझींनी सोकोल बंद पाडली, त्यानंतर साम्यवादी राजवटीनेही तिला जागा ठेवली नाही. पण संस्था बंद करता येते, वळण बंद करता येत नाही. सौंदर्य आणि ताठ कणा यांचे हे जुने नाते मनात ठेवले म्हणजे व्हेराची पुढची हकीकत अधिक नीट उमगते.

लहानपणी ती बर्फावरच्या नृत्यमय स्केटिंगकडे वळली होती. जिम्नॅस्टिक्सकडे तिला आणले ते एव्हा बोसाकोव्हाने. १९६० साली रोममध्ये तुळईवरचे सुवर्णपदक जिंकणारी तीच ही बोसाकोव्हा. १९५८ साली, सोळा वर्षांची असताना, व्हेरा जागतिक स्पर्धेत उतरली. स्केटिंगचा संस्कार मात्र तिच्या अंगातून कधी गेला नाही. एक हालचाल संपून दुसरी सुरू होताना सांधा दिसू नये, वळण घसरत जावे तसे ओघाने यावे, हा तिचा विशेष त्या बर्फावरूनच आला असावा असे वाटते.

ज्यांनी ही कसरत कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. स्त्रियांचे प्रकार चार. पहिला घोड्यावरची उडी : धावत येऊन, हात टेकून, हवेत देह फिरवून पलीकडे पाय रोवून उभे राहायचे. दुसरा दांड्यांचा : आपल्या आखाड्यांतला डबलबार डोळ्यांपुढे आणा आणि त्याची एक दांडी उंच, एक ठेंगणी करा. तिसरा तुळईचा : पाच मीटर लांब आणि अवघी दहा सेंटिमीटर रुंद अशी ती तुळई, आणि तिच्यावर चालणे, उडणे, गिरकी घेणे. चौथा जमिनीवरचा : बारा मीटर चौरस जागेत संगीताच्या साथीने केलेली मुक्त रचना. व्हेराच्या काळी ही साथ एकट्या पियानोची असे.

या चारांतली घोड्यावरची उडी ही निव्वळ बळाची आणि धिटाईची परीक्षा. तेथे नखऱ्याला वाव नाही. व्हेराने १९६२ ची जागतिक स्पर्धा, १९६४ चे टोकियो, १९६६ ची जागतिक स्पर्धा आणि १९६८ चे मेक्सिको अशा ओळीने चार मोठ्या स्पर्धांत ही उडी जिंकली. हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तिचे लालित्य वाखाणणारे पुष्कळ भेटतात, पण ते लालित्य उभे होते ते या बळावर. घराचा पाया दिसत नाही म्हणून तो नसतो असे नाही.

तिच्यापुढे आदर्श होता आणि आव्हानही होते, ते सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिनाचे. १९५६ आणि १९६० अशी दोन्ही सर्वांगीण विजेतेपदे लातिनिनाची. लहानपणी बॅले शिकलेल्या या बाईच्या कसरतीत एक राजस संथपणा होता. प्रत्येक मुद्रा घडवून, जागच्या जागी ठेवून मग ती पुढे जाई. १९६२ साली प्रागमध्ये, स्वतःच्या गावी, घरच्या प्रेक्षकांसमोर व्हेरा तिच्या मागे दुसरी आली. दोन वर्षांनी टोकियोत चित्र पालटले. व्हेराचे गुण ७७.५६४, लातिनिनाचे ७६.९९८. फरक अर्ध्या गुणाहून थोडा जास्त, पण त्या फरकात एक शैली मागे सरून दुसरी पुढे आली. लातिनिना मुद्रा दाखवी, व्हेरा संभाषण करी. तिच्या हालचालीत समोरच्याला उद्देशून काहीतरी असे : एखादी थट्टा, एखादे आमंत्रण, कधी खोडकर माघार. जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले ते काही उगीच नव्हे.

१९६६ साली डॉर्टमुंडला तिने जागतिक सर्वांगीण विजेतेपद मिळविले आणि तिच्या संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला मागे टाकले. १९६७ च्या युरोपीय स्पर्धेत तिने पाचही विजेतेपदे जिंकली आणि दोनदा दहापैकी दहा गुण घेतले. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीच्या दहा गुणांचा जगभर गाजावाजा झाला. ऑलिंपिकमधले ते पहिले खरेच, परंतु पूर्ण गुणांची वाट व्हेराने नऊ वर्षे आधी चोखाळली होती.

येथवरची कथा कोणत्याही मोठ्या खेळाडूची असू शकेल. १९६८ साली मात्र ती वेगळी झाली. त्या वर्षी प्रागमध्ये मोकळेपणाचे वारे वाहू लागले होते. जूनमध्ये लेखक लुडविक वात्सुलिक याने लिहिलेले 'दोन हजार शब्द' हे जाहीर निवेदन निघाले. धावपटू एमिल झाटोपेकप्रमाणे व्हेरानेही त्यावर सही केली. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघाच्या आणि त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा देशात घुसल्या. अटकेच्या भीतीने व्हेरा उत्तर मोराव्हियातल्या डोंगराळ भागात जाऊन राहिली. ऑलिंपिक दोन महिन्यांवर आलेले. ना दांड्या, ना तुळई. झाडांच्या फांद्यांना लोंबकळून तिने हात तयार ठेवले, बटाट्यांची पोती उचलली, तळहात मऊ पडू नयेत म्हणून कोळसा ओढला, कुरणावर रचना घोटली. अखेर तिला जाण्याची परवानगी मिळाली.

मेक्सिकोत तिने सर्वांगीण विजेतेपद ७८.२५ गुणांनी राखले. दुसरी आलेली झिनाईदा व्होरोनिना ७६.८५ वर राहिली. घोडा, दांड्या आणि जमिनीवरची कसरत ही सुवर्णपदकेही तिचीच. जमिनीवरच्या कसरतीसाठी तिने सूर निवडले होते ते मेक्सिकोच्या लोकनृत्याचे, जगभर 'मेक्सिकन हॅट डान्स' म्हणून ओळखले जाणारे. पियानोवर ते सूर उमटताच सभागृह टाळ्यांनी दुमदुमले.

येथे टीकाकाराने थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हा लोकानुनय नव्हता काय? यजमानांचीच धून वाजवून त्यांच्या टाळ्या घेणे ही युक्ती आपल्याकडच्या रंगभूमीलाही परकी नाही. आक्षेप खोटा नाही. पण तो पुरा पडत नाही. नुसती युक्ती असती तर धून गाजली असती आणि कसरत तिच्या मागे फरफटत गेली असती. आजही चित्रफितीत ती रचना पाहता येते, आणि पाहिल्यावर ध्यानात येते की उडी ठेक्यावर पडते, गिरकी सुराच्या वळणावर सुटते, आणि दोन अवघड उड्यांच्या मधल्या विसाव्यात, जेथे इतरजणी श्वास घेतात, तेथे ती नाचते. ज्या मुलीच्या देशात रणगाडे उभे आहेत ती हसते आहे, आणि ते हसू खोटे वाटत नाही. दुःख दाखवून टाळ्या मिळविणे तिला त्या दिवशी सहज शक्य होते. तिने आनंद दाखविला. कलावंताचा संयम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

आणि मग विजयमंचावरचा तो प्रसंग. तुळईवर सोव्हिएत संघाची नताल्या कुचिन्स्काया पहिली आणि व्हेरा दुसरी आली. जमिनीवरच्या कसरतीत लारिसा पेट्रिकचे आधीच्या फेरीतले गुण मागाहून वाढविण्यात आले आणि सुवर्णपदक दोघींत वाटले गेले. दोन्ही वेळा सोव्हिएत राष्ट्रगीत वाजू लागताच व्हेराने मान खाली घालून उजवीकडे वळविली. एवढेच. शब्द नाही, घोषणा नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या होत्या. ती कृती दूरवरूनही दिसावी अशी होती. व्हेराची कृती जवळून पाहणाऱ्यालाच कळावी इतकी लहान.

काहीजण म्हणतात की व्हेरा मोठी ठरली ती या मान वळविण्यामुळे. जगाने तिच्या कसरतीला नव्हे, तिच्या देशाच्या दुर्दैवाला टाळ्या दिल्या. सहानुभूतीचा वाटा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु टोकियो चार वर्षे आधीचे, आणि तेव्हा तिच्या देशावर कोणी चालून आले नव्हते. उलट काही जण म्हणतात की राजकारण बाजूला ठेवा, पदके मोजा. माझ्या मते दोघेही तिचे अर्धेच रूप पाहतात. दहा वर्षे जिने मान, मनगट आणि नजर यांच्या बारीकशा हालचालींना अर्थ द्यायला शिकले, तिलाच मानेच्या एका वळणात एवढे सांगता आले. तीच मान तुळईवरही वळत होती. मंचावर ती वळली तेव्हा कला संपून राजकारण सुरू झाले असे नव्हे. त्या कलेचे ते सर्वांत छोटे आणि सर्वांत नेमके वाक्य होते.

त्याची किंमत तिने भरपूर मोजली. मेक्सिको शहरातच योसेफ ओडलोझिल या धावपटूशी तिचे लग्न लागले. आपली चार सुवर्णपदके तिने दुब्चेक, स्वोबोदा, चेर्निक आणि स्मर्कोव्स्की या देशाच्या चार नेत्यांना अर्पण केली. त्यानंतर दारे मिटू लागली. सही मागे घे म्हणून दडपण आले; तिने ती मागे घेतली नाही. मायदेशी शिकविण्याचे काम वर्षानुवर्षे मिळेना. अखेर १९७९ पासून काही काळ ती मेक्सिकोत शिकवायला गेली. १९८९ साली राजवट पालटल्यावर राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी तिला सल्लागार नेमले. देशाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपदही तिच्याकडे आले. पण सव्वीस ते सत्तेचाळीस ही वर्षे कोणी परत देऊ शकत नाही. त्या वर्षांत तिने किती मुली घडविल्या असत्या, याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही.

आणि या खेळानेही तेवढ्यात कूस बदलली. मेक्सिकोत व्हेरा सव्वीस वर्षांची बाई होती. माँट्रियलला कोमानेची चौदा वर्षांची मुलगी होती. कोमानेची असामान्यच, परंतु तिच्यामागून लहानग्या देहांची आणि अवघड उड्यांची लाट आली. मेक्सिकोनंतर २०२१ सालच्या टोकियोपर्यंत ऑलिंपिकमधली एकही सर्वांगीण विजेती पुरी एकवीस वर्षांची नव्हती. पॅरिसला २०२४ साली सिमोन बाइल्सने सत्ताविसाव्या वर्षी ते विजेतेपद जिंकले तेव्हा ही साखळी तुटली. दोनदा हा मान मिळविणाऱ्या बायका तीनच : लातिनिना, चास्लाव्स्का आणि बाइल्स. बाइल्सच्या उड्यांपुढे व्हेराच्या उड्या आज साध्या दिसतील, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अवघडपणाच्या मोजपट्टीवर जुनी कसरत नेहमीच हरते.

पण कलेत नवे आले म्हणून जुने फिके पडत नाही. चौदाव्या वर्षी देह जे करू शकतो ते सव्विसाव्या वर्षी कदाचित करू शकणार नाही; मात्र सव्विसाव्या वर्षी देहाला सांगण्यासारखे काही असते. व्हेरा ३० ऑगस्ट २०१६ रोजी प्रागमध्येच वारली. तिच्या चित्रफिती आज घरबसल्या पाहता येतात. या सुटीत घरातल्या मुलांबरोबर मेक्सिकोतली ती दीड मिनिटाची रचना जरूर पाहावी. गुण किती मिळाले हे मुलांना आधी सांगू नये. आधी पाहू द्यावे, हसू द्यावे, ठेका धरू द्यावा. आणि मग ती बाई कोठून, कशी आणि काय सोसून तेथे आली होती, ते सांगावे.