दुकान गेले, खिडक्या राहिल्या

शिकागोत स्टेट आणि मॅडिसन हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावरच्या इमारतीला आता ‘सलिव्हन सेंटर’ म्हणतात. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र अजून ‘कार्सन्स’च आहे. लुई सलिव्हनने ती श्लेसिंजर अँड मेयर या दुकानासाठी उभारली. १९०४ मध्ये ती कार्सन पिरी स्कॉटकडे आली. २००७ मध्ये दुकान बंद झाले. आज वरच्या मजल्यांवर ऑफिसे आहेत.

डेट्रॉइटचे हडसन्स १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले, हे आठवले की इथे जे झाले ते चांगलेच म्हणायला हवे. शिवाय ते ओढूनताणून केलेले नाही. अशा दुकानांचे मजले ऐसपैस असतात, पण मध्यभागी अंधार. दुकानाला तो चालतो, दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याला नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी ऑफिसे करताना इमारतीचे पोट फाडून चौक काढावा लागतो. सलिव्हनने भार पोलादी सांगाड्यावर टाकला आणि खांबांमधली जवळजवळ सगळी जागा काचेला दिली: मधे मोठी स्थिर काच, दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या अरुंद झडपा. कापडाचा खरा रंग उजेडातच कळतो. लक्ष्मी रोडवर आपणही साडी दाराशी नेऊन पाहतोच की! तोच उजेड आता कॉम्प्युटरवर पडतो. (पडदे ओढून घेतात, ती गोष्ट वेगळी.)

डागडुजीही मनापासून झाली आहे. १९४८ मध्ये काढून टाकलेली माथ्यावरची कॉर्निस पुन्हा बसवली. २०१२ मध्ये खाली टार्गेट आले, त्यांनीही बिडाच्या नक्षीवर भडक पाटी ठोकली नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कोपऱ्यावरचे ते गोलाकार प्रवेशद्वार म्हणजे आमंत्रण होते. खिशात दमडी नसली तरी आत जावे, वरपर्यंत फिरावे, थंडीत पोरांना ऊब द्यावी. कोणी हटकत नसे. या देशात नवे असताना आपल्यापैकी कितीजणांनी असे शनिवार काढले असतील! आता वर जायचे तर तिथे काम हवे. बिडाची नक्षी जपता येते, तिची मोजमापे असतात. वर जाण्याची मुभा कोणाच्याच यादीत नव्हती, म्हणून ती गेल्याचे कोणी लिहूनही ठेवले नाही. समीक्षकांनी कॉर्निसचे कौतुक केले ते योग्यच, पण सलिव्हनने इमारत बांधली होती ती गर्दीसाठी, आणि ती गर्दी आता टार्गेटच्या रांगेपुरती उरली आहे.

डाउनटाउनला गेलात तर मॅडिसनच्या बाजूने पाहा. १८९९ चा पहिला, नऊ मजली भाग तिथे आहे, आणि रस्त्यावरून खिडक्या पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.