बाजदारांचे बोल : श्येनविद्येच्या कथनांतील संवादाचे स्थान

शिकारी पक्षी पाळून, त्याला माणसाच्या हातावर बसण्याची सवय लावून त्याच्याकरवी शिकार साधण्याच्या विद्येला आपल्याकडे श्येनविद्या आणि फारसी परंपरेत बाजदारी म्हणतात. या विद्येवरचे ग्रंथ अनेक भाषांत आहेत. त्यांचा विचार इतिहासकारांनी आणि पक्षिशास्त्रज्ञांनी केला. कथनप्रकार म्हणून मात्र त्यांच्याकडे क्वचितच पाहिले गेले. प्रस्तुत लेखात तसे पाहण्याचा प्रयत्न आहे. अनुभवी बाजदाराचे बोलणे ग्रंथात उतरताना त्याचे काय होते, त्यात कोणाचा आवाज टिकतो आणि कोणाचा विरतो, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

हा प्रश्न मला एका वर्गात सुचला. मराठी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसमोर ‘बहिरी ससाणा’ हा शब्द आला आणि एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, हा पक्षी ऐकू न येणारा असतो का?’ प्रश्न भाबडा नव्हता. ‘बहिरी’ हा शब्द मुळात ‘बहरी’, म्हणजे समुद्राशी संबंधित, असा आहे. बाजदारांच्या फारसी-हिंदुस्थानी बोलीतून तो आपल्याकडे आला. ज्यांच्या तोंडी तो अर्थासह नांदत होता त्यांच्याशी आपले बोलणे थांबले, आणि विजेच्या वेगाने झेपावणारा पक्षी मराठीच्या कानाला बहिरा वाटू लागला. एखाद्या विद्येशी तुटलेल्या संवादाची इतकी बोलकी खूण दुसरी सापडणे कठीण.

ही विद्या प्रामुख्याने बोलण्यातून व सहवासातून चालत आली, याला कारण आहे. पक्षी उडवण्याजोगा झाला की नाही, हे त्याच्या भुकेवर व वजनावर ठरते. वजन अधिक असेल तर तो झाडावर जाऊन बसतो आणि हाकेला येत नाही. फार उतरले तर तो अशक्त होऊन मरतो. आजचा बाजदार रोज तराजू वापरतो. पूर्वीचा बाजदार छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस बोटांनी चाचपून हा निर्णय घेत असे. ‘किती मांस हाताला लागले पाहिजे?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून देता येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी उभे राहून, त्याने बोट ठेवले तेथे आपले बोट ठेवून घ्यावे लागते. म्हणून या विषयावरचा प्रत्येक चांगला ग्रंथ कोणाच्या तरी ऐकलेल्या बोलण्यावर उभा असतो. ते ऋण तो किती मान्य करतो, हा समीक्षेचा विषय ठरतो.

या दृष्टीने तेराव्या शतकातील सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा लॅटिन ग्रंथ लक्षणीय आहे. फ्रेडरिकने अरब बाजदारांना आपल्या दरबारी बोलावून घेतले, अरबी ग्रंथाचे लॅटिन भाषांतर करवून घेतले आणि पक्ष्याच्या डोळ्यांवर घालायच्या टोपीचा उपयोग आपण अरबांकडून शिकलो असे नमूद केले. अ‍ॅरिस्टॉटलबद्दल मात्र त्याची तक्रार आहे : या तत्त्वज्ञाने पक्ष्यांकरवी शिकार क्वचितच केली असेल किंवा केलीच नसेल, म्हणून त्याचे म्हणणे सर्वत्र स्वीकारता येत नाही. ग्रंथप्रामाण्याच्या काळात एक सम्राट तत्त्वज्ञापेक्षा बाजदाराचा शब्द वरचढ मानतो, ही गोष्ट लहान नाही. तरीही ज्यांचे ऐकले त्यांचे बोलणे येथे सम्राटाच्या सिद्धान्तात विरघळून जाते. प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणत्या शब्दांत आले, हे वाचकाला कळत नाही.

भारतीय परंपरेत कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा राजा रुद्रदेव याचा ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. हरप्रसाद शास्त्री यांनी संपादित व भाषांतरित केलेली त्याची आवृत्ती १९१० मध्ये कलकत्त्यातून प्रकाशित झाली. मृगया हे व्यसन की राजाला उचित असा विहार, या शास्त्रीय चर्चेपासून ग्रंथकार आरंभ करतो. पक्ष्यांच्या जातींकडे वळताच मात्र त्याच्या संस्कृतात फारसी नावे शिरतात. संस्कृताचा अभिमानी राजादेखील या ठिकाणी बाजदाराच्या बोलीचा आधार घेतो. नाव न घेता केलेला हा संवादच आहे; शब्दांच्या रूपाने तेवढा तो उरला आहे.

एकोणिसाव्या शतकात काजार राजघराण्यातील तैमूर मिर्झा याने लिहिलेला ‘बाजनामा-ए-नासिरी’ याहून वेगळा आहे. त्यात उपदेशाबरोबर आठवणी आहेत, पक्ष्यांचे स्वभाव आहेत आणि बोलता बोलता विषयांतर करणारा एक माणूस आहे. डी. सी. फिलॉट यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलॉट स्वतः बाजदारीचे जाणकार होते आणि त्यांनी विपुल तळटीपा दिल्या. मुख्य मजकुरात इराणी राजपुत्र बोलतो. हिंदुस्थानातील बाजदारांच्या रीती येतात त्या तळटीपांत. ज्यांनी पक्षी प्रत्यक्ष हाताळले, त्यांच्या पापण्या दोऱ्याने शिवून हळूहळू मोकळ्या केल्या, रात्र रात्र त्यांना हातावर घेऊन जागले, त्या चाकरमाणसांना पृष्ठाच्या तळाशी जागा मिळावी, यात श्रेणीव्यवस्थेचे एक रूप दिसते. परंतु तळटीप नसती तर तेवढेही उरले नसते, हेही मान्य करायला हवे.

संवादाच्या अभावी काय घडते, याचे उदाहरण म्हणजे टी. एच. व्हाइट यांचे ‘द गॉसहॉक’ (१९५१). १९३६ च्या सुमारास एकाकी झोपडीत राहून व्हाइट यांनी एक बाज शिकवायला घेतला. त्यांच्यापाशी जाणता माणूस नव्हता. होता तो मुख्यतः १६१९ चा एक ग्रंथ. त्यातील जुन्या पद्धतीनुसार ते पक्ष्याबरोबर रात्री जागले. पक्षी कधी अतिरिक्त खाऊन माजला, कधी उपाशी राहिला. अखेर जीर्ण दोरी तुटून तो उडून गेला. पुढे आपली पद्धत कालबाह्य होती अशी कबुली व्हाइट यांनी पुस्तकाच्या शेवटी जोडली. या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल या पराभवाच्या नोंदीत आहे. पक्षी हरवल्याची गोष्ट जो मोकळेपणाने सांगतो त्याच्या इतर विधानांवरही वाचकाचा विश्वास बसतो. बाजदाराच्या कथनाची ही एक कसोटी मानता येईल. कारण पक्ष्याला दर उड्डाणात परत न येण्याची मुभा असते आणि ज्याने एकही पक्षी गमावला नाही असा बाजदार असणे अवघड आहे.

हेलन मॅकडोनल्ड यांच्या ‘एच इज फॉर हॉक’ (२०१४) या पुस्तकात हा तुटलेला संवाद नव्याने जुळवलेला दिसतो. वडिलांच्या निधनानंतर लेखिकेने मेबल नावाचा बाज पाळला आणि त्या काळात दिवंगत व्हाइट यांच्याशी जणू वाद घालत त्यांचे पुस्तक पुन्हा वाचले. मेबल कागदाच्या चेंडूशी खेळते, हा तपशील जुन्या ग्रंथांच्या करड्या शिस्तीत बसत नाही. जिवंत निरीक्षणातून तो आला आहे. तरी येथेही बोलणारी व्यक्ती विद्यापीठीय, सुशिक्षित आणि स्वतः लिहू शकणारी आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या अनुभवाची उणीव अशा आत्मकथनांनी भरून निघत नाही.

भारतात ही उणीव तीव्र आहे. बिहारमधील मीरशिकार समाज पक्षी पकडण्याच्या कौशल्यासाठी प्रसिद्ध होता. संस्थाने गेली, आश्रय संपला. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील दुरुस्त्या यांनी शिकारी पक्षी पकडण्यास व बाळगण्यास प्रतिबंध केला. हा कायदा आवश्यक होता, याविषयी दुमत असू नये. येथे बाजदारीच्या पुनरुज्जीवनाची वकिली करावयाची नाही. परंतु विद्येचा वापर थांबवणे आणि विद्येची स्मृती पुसू देणे यांत अंतर आहे. मीरशिकारांपैकी अली हुसेन यांचे कौशल्य बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या संशोधनासाठी उपयोगात आणले. डीडीटीमुळे अमेरिकेत बहिरी ससाणा नष्टप्राय झाला, तेव्हा टॉम केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिवासात त्याची पैदास करताना बाजदारांचे ज्ञान वापरले. १९९९ मध्ये तो पक्षी तेथील संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून वगळण्यात आला. शिकारीसाठी मिळवलेले ज्ञान संरक्षणाच्या कामी येते ते ते जाणणारा बोलता झाला आणि दुसऱ्याने ऐकून घेतले तरच.

युनेस्कोने बाजदारीची मानवी वारसा म्हणून २०१० मध्ये नोंद केली. २०१६ मध्ये त्या नोंदीत पाकिस्तान आला आणि २०२१ मध्ये देशांची संख्या २४ झाली. त्यांत भारत नाही. जिवंत प्रथा नसलेल्या देशाचे नाव तेथे नसणे समजण्याजोगे आहे. पण आपल्याकडे शब्द आहेत. बाज ही मादी आणि जुर्रा हा नर, शिक्रा ही मादी आणि चिपका हा नर. नर-मादीला स्वतंत्र नावे देणारी ही भाषा नुसत्या पाहणाऱ्याची नसते, हाताळणाऱ्याची असते. कारण मादी आकाराने मोठी, आणि तिची शिकारही वेगळी. मराठीने यातून ‘शिक्रा’ घेतला आणि त्याचा जोडीदार वाटेत सोडला.

महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यासनाला या बाबतीत एक सोय आहे. त्याच्या शेजारच्या खोल्यांत फारसी, उर्दू, हिंदी व संस्कृत यांचे अध्यापक बसतात. या भाषांतील बाजदारीची परिभाषा एकत्र करून मराठी शब्दांशी ताडून पाहणे, आणि जेथे या व्यवसायाची आठवण सांगणारी वृद्ध माणसे भेटतील तेथे त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, प्रश्नासह नोंदवणे, हे काम फार खर्चाचे नाही. मुलाखतीत विचारणाऱ्याचा प्रश्न छापला जावा हा आग्रह किरकोळ वाटेल. परंतु फ्रेडरिकपासून फिलॉटपर्यंत जे हरवले ते नेमके हेच. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मी कोशांच्या आधारे दिले. ते देणारा बाजदार त्या वर्गात असता, तर त्याने शब्दाची व्युत्पत्ती कदाचित सांगितली नसती. तो पक्षी कोणत्या हाकेला परत येतो, हे मात्र सांगितले असते.