फ्रान्झ लिस्ट: उतारवयातल्या अल्पपरिचित पियानोरचना
(खारघर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

लिस्ट म्हटलं की 'ला कांपानेला' आठवतं, दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी आठवते. म्हणजे विजेसारखी फिरणारी बोटं. आज त्या लिस्टबद्दल मी बोलणार नाही. १८८० नंतरच्या त्याच्या छोट्या रचना घेऊ. त्यातल्या काही वाजवायला सोप्या आहेत, ऐकायला अवघड. त्या मागे पडल्या त्याचं एक कारण हेच असावं, असं मला वाटतं.

लिस्टचा जन्म १८११चा. १८४७मध्ये, पस्तिशीतच, त्याने पैशांसाठी जाहीर मैफली करणं थांबवलं. जुलै १८८१मध्ये वायमारला तो जिन्यावरून पडला आणि तब्येत खालावली. त्याच ऑगस्टमध्ये त्याने 'न्युआज ग्री', म्हणजे 'करडे ढग', लिहिली. अवघे ४८ बार. ती छापली गेली १९२७मध्ये, लिस्ट जाऊन एक्केचाळीस वर्षं झाल्यावर.

यात 'जी' हा षड्ज धरा. सुरुवातीलाच कोमल गांधार आणि तीव्र मध्यम ऐकू येतात. आपल्याकडचा श्रोता लगेच म्हणेल, तोडी! पण घाई करू नका. रागात तंबोरा षड्जाची खात्री देत असतो. इथे डाव्या हातातली खर्जातली थरथर ती खात्रीच काढून घेते. शेवटी उजवा हात अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढत षड्जावर पोचतो, पण खालची कॉर्ड मिटत नाही. सा लागतो, विसावा मिळत नाही. पावसात खारघरच्या डोंगरावर ढग उतरले की डोंगर जागेवरच असतो, फक्त दिसत नाही; तसं काहीसं.

१८८२च्या अखेरीस लिस्ट व्हेनिसला जावई वाग्नरकडे राहत होता. कालव्यातून प्रेतं नेणाऱ्या नावा बघून त्याने 'ला लुगुब्रे गोंडोला' लिहिली. फेब्रुवारी १८८३मध्ये वाग्नर तिथेच वारला. म्हणून या रचनेला भाकीत म्हणतात. मला हे पटत नाही. १८८५च्या 'बागातेल सां तोनालिते'लाही, म्हणजे 'स्वराधाराविना बागातेल'लाही, विसाव्या शतकाची चाहूल म्हणून मान मिळतो. पण पुढे काय येणार होतं यावरून रचनेचं मोल ठरवलं, तर समोर वाजतंय ते ऐकायचं राहून जातं.

सगळंच थोर आहे असंही नाही. काही रचना टिपणासारख्या वाटतात, एकच कल्पना ताणतात. 'करडे ढग' मात्र पुरी आहे. तिच्यात एक स्वर कमी केला तरी जाणवेल.

खरा प्रश्न आपल्या शिकवण्याचा आहे. पियानो शिकणाऱ्या मुलाला आपण विचारतो, किती वेगात वाजवतोस? ज्याने वेगाची मोजपट्टी घालून दिली, त्यानेच म्हातारपणी ती बाजूला ठेवली. शिक्षकांना माझी विनंती आहे: पुढच्या परीक्षेची तयारी करताना ही दोन पानंही मुलासमोर ठेवा. शेवटची कॉर्ड वाजली की हात लगेच उचलू देऊ नका. आवाज पूर्ण विरेपर्यंत त्याला ऐकू द्या. मग विचारा, संपलं असं वाटलं का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.