तोफेमागचे बैल

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) मी दुसऱ्यांदा वाचली ती एका वाईट आठवड्यानंतर. आमची सिस्टिम रात्री दोनला कोसळली होती आणि रिपोर्टमध्ये नाव आलं त्या रात्री ड्युटीवर असलेल्या मुलाचं. सर्व्हरची डिस्क महिनाभर भरत चालली होती, हे कुणी विचारलंच नाही.

कॉलेजात असताना मी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर फिदा होतो. या वेळी नजर तोफांच्या मागे गेली. तोफ ओढायला बैल लागतात, बैलांना वैरण लागते. गोळे वाहायला गाडे हवेत, दारू कोरडी राहायला हवी, गोलंदाजांचा पगार वेळेवर हवा. यातलं एक जरी अडलं, तरी तोफ म्हणजे धातूचं ओझं.

आता तारखा बघा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्ध विजय मिळाला. तिथून घर जवळ होतं. मार्चमध्ये भाऊ पडतूरहून उत्तरेकडे निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, पण पैशासाठी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवावं लागलं. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याला धान्य हाती लागलं आणि त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेत येऊन बसला. डिसेंबरात दोआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. डिस्क अशीच भरत जाते.

पाटलांची ताकद उपासमारीच्या वर्णनात आहे. ती पानं वाचताना घास उतरत नाही. भाऊंवरचा हट्टी सेनापतीचा शिक्काही ते जिद्दीने पुसतात. माझी तक्रार इथेच आहे. कादंबरी उत्तर बदलते, पण प्रश्न जुनाच ठेवते : चूक कुणाची? कादंबरीत भूक नियतीसारखी येते. एवढा जड तोफखाना आणि एवढे बाजारबुणगे घेऊन निघाल्यावर रोजची वैरण कुठून येणार, हा प्रश्न मागेच राहतो.

१४ जानेवारी १७६१ ला हेच ओझं नडलं. एकदा मांडलेल्या जड तोफा हलवणं कठीण. गारदी पुढे सरकले, तशी आपलीच माणसं तोफांच्या तोंडासमोर आली. अब्दालीची जंबुरकं उंटांवर होती, हवी तिकडे जात होती.

पराभवाची बातमी नानासाहेबांना सावकारी भाषेतल्या पत्रातून कळली, असं सांगतात. त्यात मोती आणि मोहरा मोजलेल्या होत्या, खुर्द्याची गणतीच नव्हती. आपण आजही पानिपत तसंच सांगतो. पाटलांनी खुर्द्यातली माणसं दाखवली, हे त्यांचं मोठं काम. बैल मात्र कुणीच मोजले नाहीत.

कादंबरी जरूर वाचा. त्या मुलाचं नाव अजून रिपोर्टमध्ये आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी डिस्कचा महिनाभराचा ग्राफ घेऊन जाणार आहे.