विमानाचे दार आणि कायद्याचे वाक्य

२०१६ साली प्रदर्शित झालेला 'नीरजा' हा बोलपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला, तो उल्हासनगर कॅम्प २ मधील एका सिंधी शेजाऱ्यांच्या घरी. त्या घरातील आजींचा जन्म कराचीचा; पडद्यावर कराचीचा विमानतळ येताच त्या सरसावून बसल्या. बोलपटाचे गुण रसिकांस ठाऊकच आहेत. आमच्या मनात मात्र घर करून राहिले ते त्या विमानाचे दार.

मुंबईहून निघालेले पॅन ॲम कंपनीचे ते विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजी पहाटे कराचीस थांबले होते. उतारू चढत होते. सुरक्षारक्षकांचा वेष घेतलेले चार बंदूकधारी रक्षकांच्या गाडीसारख्याच गाडीतून आले आणि उघड्या दाराने आत शिरले. नीरजा भनोत यांच्या इशाऱ्यामुळे वैमानिक निसटले व विमान जागचे हललेच नाही. सुमारे सतरा तासांनी दिवे मालवले, गोळीबार सुरू झाला, तेव्हा नीरजाबाईंनी दार उघडून उतारूंस बाहेर काढले आणि स्वतः प्राण दिले.

आता १९८२ चा आमचा विमान-अपहरणविरोधी कायदा उघडावा. त्याच्या मते अपहरण घडते ते 'उड्डाणातील' विमानात. आणि उड्डाण म्हणजे उतारू चढून बाहेरची सर्व दारे मिटल्यापासून उतरण्यासाठी त्यांतील एखादे उघडेपर्यंतचा काळ. ही व्याख्या १९७० च्या हेग करारातून आलेली. तिच्या काटेकोर अर्थाने, हल्लेखोर आत शिरले त्या घटकेस कराचीचे विमान उड्डाणात नव्हतेच! गुन्हा परदेशात घडल्याने आमच्या कायद्याची कसोटी लागली नाही, एवढेच.

याहून नवल पुढे आहे. तो १९८२ चा ६५ वा कायदा. लगेच पाठोपाठ आलेला ६६ वा कायदा विमानांच्या घातपाताविषयीचा. त्यात 'सेवेतील' विमानाची ऐसपैस व्याख्या आहे: उड्डाणपूर्व तयारीपासून उतरल्यानंतर चोवीस तासांपर्यंत. म्हणजे हवे ते शब्द शेजारच्याच पानावर तयार होते. पण ते बॉम्ब ठेवणाऱ्यासाठी, अपहरणकर्त्यासाठी नव्हेत.

खाती त्या मानाने चपळ. २३ जून १९८५ रोजी 'कनिष्क' विमानात मालकावाचून चढलेल्या पेटीने ३२९ जीव घेतले. उतारू व त्याचे सामान यांची सांगड घालण्याचा नियम त्यानंतर आवळला गेला, आणि १ एप्रिल १९८७ पासून नागरी विमान सुरक्षेचे स्वतंत्र खाते झाले. बैल गेला आणि झोपा केला, असे हिणवावे तर निदान झोपा झाला तरी! कायद्यातील दार मात्र १९९४ च्या दुरुस्तीनेही हलले नाही. मध्ये १९९९ चे कंदाहार, २००१ चे अमेरिकेतील हल्ले. मग २०१० चा बीजिंग येथील पूरक करार. तेव्हा कुठे 'सेवेतील' हा शब्द २०१६ च्या आमच्या नव्या कायद्यात आला, आणि तो अंमलात आला ५ जुलै २०१७ रोजी. कराचीनंतर तीस वर्षे उलटून गेली होती.

त्या कायद्यातील देहदंडाचे कलम कोणाच्याही डोळ्यांत भरते. आमच्या मते त्याचे खरे मोल या एका शब्दात आहे. मरणाच्या तयारीने आलेल्यास फाशीचे भय ते काय?

बोलपट नीरजाबाईंच्या मातेच्या भाषणाने संपतो. आमचे डोळे पाणावले होते. आजी मात्र मागेच अडकलेल्या. "प्रोफेसरसाहेब," त्यांनी विचारले, "ती गाडी फाटकातून आत सोडली कोणी?"