अंतोनीची फलश्रुती

आमच्या वसईच्या घरात काही हरवलं की आजी आधी विचारायची, "अंतोनीला सांगितलंस का?" कुडीची फिरकी असो की कपाटाची किल्ली, शोधाशोध नंतर. ती स्वतः डोळे मिटून पुटपुटायची ते लॅटिन होतं, ऐकून ऐकून पाठ झालेलं. त्या ओळी मी अर्थासकट फार उशिरा वाचल्या. तेव्हापासून एक कविता म्हणूनही मला त्यांचं वेड आहे.

रचना तेराव्या शतकातली, स्पायरच्या ज्युलियन या फ्रान्सिस्कन संगीतकाराची. संत अंतोनींचं निधन पादुआजवळ 13 जून 1231 ला झालं आणि वर्ष उलटायच्या आत, 30 मे 1232 ला, पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. हे गीत रचलं गेलं तेव्हा त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं हयात होती.

अडल्या वेळी म्हणायची प्रार्थना म्हणजे धाव, पाव, सोडव असं काहीतरी आपण धरून चालतो. इथे तसं एकही आर्जव नाही. चमत्कार हवेत ना, मग हे बघ, अशा थाटात कवी सुरुवात करतो आणि वर्तमानकाळी क्रियापदांची रांगच लावतो. मरण, भ्रम, आपत्ती, सैतान, कुष्ठरोग पळ काढतात. रोगी उठून बसतात. समुद्र नमतो, बेड्या हार खातात. आपल्याकडे स्तोत्र संपताना फलश्रुती येते. इथे स्तोत्रच नाही, सगळी फलश्रुती. आणि ज्याला साकडं घालायचं, त्या अंतोनींचं नाव या कडव्यांत कुठेच येत नाही!

मग येते हरवलेल्याची ओळ, माझी सर्वांत आवडती. गमावलेले अवयव आणि गमावलेल्या वस्तू तिथे एकाच दमात येतात. हात गेलेला माणूस आणि फिरकी हरवलेली बाई यांच्यात कवी लहानमोठं करत नाही. मागणं आणि मिळणं ही दोन क्रियापदंही शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक 'आणि'. मागणारे कोण, तर तरुण आणि पिकल्या केसांचे. 'पिकल्या केसांचे' यासाठीचा 'कानी' हा लॅटिन शब्द आधीच्या 'सानी'शी, म्हणजे बरे झालेल्यांशी, यमक जुळवतो आणि पुढे 'पादुआनी'शी, म्हणजे पादुआकरांशी. आपत्ती, हरवलेलं आणि गरज या तिन्ही शब्दांचंही तसंच यमक आहे. गाताना ही हरवलेल्याची ओळ पालुपदासारखी पुन्हा पुन्हा येते, म्हणून तीच लोकांच्या ओठांवर राहिली असावी. शिवाय आख्यायिका आहेच: एक नवशिका मठवासी अंतोनींची स्तोत्रसंहिता घेऊन पळाला, त्यांनी प्रार्थना केली, आणि पुस्तकाबरोबर तो मुलगाही परत आला.

शेवटाकडे कवी स्वतः बाजूला होतो. अनुभव आला त्यांनी सांगावं, पादुआच्या लोकांना बोलू द्यावं, असं सुचवून तो साक्षीदार उभे करतो. आजही पादुआच्या बॅसिलिकात लोक समाधीच्या मागच्या बाजूने रांगेत जातात, दगडावर तळहात टेकवतात, घरच्यांचे फोटो ठेवून जातात. हे सांगणं आपल्याकडेही आलं. 1655 साली गोव्यात जेझुइट पाद्री आंतोनियु द साल्दान्य यांची 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' छापली गेली. गोव्यातल्याच शिवोलीच्या चर्चमधल्या अंतोनींच्या मूर्तीच्या हातात दोरीने बांधलेला साप आहे. बांधकामाच्या वेळी कामगारांना छळणाऱ्या सापाची गोष्ट गाव त्या दोरीवरून सांगतो.

फिरकी सापडली की आजी ती लगेच कानात घालायची नाही. मुठीत घट्ट धरून आधी शेजारच्या घरी जायची, सांगायला.